डेव्ह नव्या लॅपटॉपवर: जुने गेम न घाबरता, पण जपून कसे चालवावेत

भाच्याच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे आणि त्यावर ‘डेंजरस डेव्ह’ हा जुना गेम चालेना. डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीवरचा हा डेव्ह १९९० सालचा. त्याची मुख्य फाइल १०० केबीपेक्षाही लहान आहे, रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडणारा सुप्रभातचा फोटोही तिच्याहून जड असतो. तरी डबल-क्लिक केल्यावर विंडोजने हात वर केले आणि हे अ‍ॅप या पीसीवर चालू शकत नाही, असे सांगून मोकळे झाले. मग भाच्याने मित्राचे ऐकून अँटिव्हायरस बंद केला, गेमला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार दिले आणि कुठल्याशा साइटवरून ‘फिक्स’ नावाची फाइल उतरवली. ती उघडण्याआधी मी घरी पोहोचलो, एवढेच नशीब.

गेम कशामुळे अडलाय हे न बघताच घराची सगळी दारे सताड उघडायची, ही सवय सर्रास दिसते. प्रत्यक्षात अडचण अधिकारांची क्वचितच असते. आधी रोग ओळखायचा, मग नेमके तेवढेच औषध द्यायचे. आणि गेम कितीही आवडता असला तरी त्याला पाहुण्यासारखे ओसरीवर बसवायचे, तिजोरीच्या खोलीत न्यायचे नाही. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: गेमचे वय काढा

सीडीच्या खोक्यामागे ‘सिस्टिम रिक्वायरमेंट्स’ असा चौकोन असतो, निम्मे उत्तर तिथेच मिळते. त्यात ‘एमएस-डॉस ५.०’ किंवा ‘३८६ प्रोसेसर’ दिसले तर गेम डॉसचा. ‘डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, १९९२ चा ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ आणि १९९३ चा ‘डूम’ हे सगळे याच घरातले. ६४-बिट, म्हणजे आजच्या, विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही आणि विंडोज ११ तर जुन्या ३२-बिट रूपात आलेच नाही. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजने दिलेल्या कम्पॅटिबिलिटीच्या सगळ्या चौकटींवर टिक केली तरी डेव्ह जागचा हलणार नाही. त्याला दुसरे यंत्र लागते, ते पुढे येईल.

‘विंडोज ९५/९८’ असे लिहिले असेल तर तो मधल्या पिढीचा: १९९७ चा ‘एज ऑफ एम्पायर्स’, त्याच वर्षीचा ‘क्लॉ’, शिवाय ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’चे सुरुवातीचे भाग. हेच सगळ्यात हट्टी. गेम ३२-बिट असतो, म्हणजे चालायला हरकत नसते, पण २५६ रंगांचा पडदा आणि चित्रे काढायच्या जुन्या पद्धती गृहीत धरून तो लिहिलेला असतो. वर कधी कधी गेम ३२-बिट आणि त्याचे सेटअप (गेम बसवणारा प्रोग्रॅम) मात्र त्याहून जुने, १६-बिट, अशी गंमत. घर चांगले, पण दारच उघडत नाही.

२००१ ते २००८ या काळातले, म्हणजे ‘मॅक्स पेन’, ‘व्हाइस सिटी’, ‘सॅन अँड्रियास’ वगैरे, बहुतेक चालतात. ते अडतात कॉपी-प्रोटेक्शनवर, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपावर, किंवा आजच्या संगणकांच्या वेगावर.

दुसरी पायरी: गेम कुठून आला ते स्वतःला खरे सांगा

आपल्याकडे हा प्रश्न जरा अवघड आहे. ‘१०१ गेम्स’, ‘सुपर कलेक्शन’ अशा छापील कागदात गुंडाळलेल्या पन्नास रुपयांच्या सीडींवर आमची पिढी वाढली. त्या सीडी आम्ही कधी विकत घेतल्या, कधी मित्राकडून उतरवून घेतल्या. माझ्याकडच्या अशाच एका सीडीने २००६ साली घरातला संगणक पुरता नासवला होता. गेम चालला, छान चालला. पण त्यातला व्हायरस संगणकावरच्या बाकीच्या प्रोग्रॅमच्या फाइलींना एकेक करून चिकटत गेला. पेन ड्राइव्हवरून तो मावशीच्या संगणकावरही पोहोचला आणि दोष आला माझ्या गेम खेळण्यावर. दोष बरोबरच होता म्हणा.

असल्या सीडीवरचा व्हायरस म्हातारा होऊन मरत नाही. त्यातले काही आजच्या विंडोजवर लंगडे पडतात, सगळे नाहीत. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. जो गेम आज अधिकृतपणे मिळतो, तो पुन्हा विकत घ्या. पोलंडमधून २००८ साली सुरू झालेले ‘गॉग’ हे दुकान नेमके हेच करते. जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे बांधून, कॉपी-प्रोटेक्शन काढून, सवलतीच्या दिवसांत पिझ्झापेक्षा स्वस्तात ते विकते. डॉसचे गेम तर तिथे बऱ्याचदा डॉसबॉक्स या, डॉसचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमसकटच येतात. तिथे मिळत असेल तर या लेखातल्या निम्म्या पायऱ्या तुम्हाला लागणारच नाहीत.

काही गेम मालकांनीच फुकट दिलेले आहेत. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा सुंदर साहसी गेम २००३ पासून मोफत आहे आणि ‘स्कमव्हीएम’ या, जुने साहसी गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साइटवरून थेट मिळतो. ‘कमांड अँड कॉन्कर’चा पहिला भाग २००७ मध्ये आणि ‘रेड अलर्ट’ २००८ मध्ये कंपनीनेच खुला केला.

‘अबॅन्डनवेअर’ (मालकाने सोडून दिलेला प्रोग्रॅम) हा शब्द मात्र जपून घ्या. कंपनी विकत नाही म्हणजे मालकी सुटली, असे कायदा कुठेही म्हणत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमाने वेगळी मुभा दिली आहे. तुमच्याकडे प्रोग्रॅमची प्रत रीतसर आलेली असेल, तर ती खराब होण्याच्या भीतीने राखीव प्रत करून ठेवता येते. म्हणजे स्वतःची मूळ सीडी असेल तर तिची प्रत काढायला हरकत नाही, आणि काढायलाच हवी.

तिसरी पायरी: सीडीची प्रत काढा, मग तपासा

यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळतो. सीडी घालण्याआधी सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा, म्हणजे चकती आत जाताच काही आपोआप सुरू होणार नाही. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. मग ‘इमेजबर्न’सारख्या प्रोग्रॅमने पूर्ण चकतीची एक फाइल बनवा.

इथे एक खाच आहे, आणि हजारो लोक तिच्यात अडकतात. नव्वदच्या दशकातल्या अनेक गेमच्या सीडीवर पहिल्या ट्रॅकमध्ये गेम आणि पुढच्या ट्रॅकमध्ये चक्क गाणी असत. म्युझिक सिस्टिममध्ये तीच सीडी घातली की दुसऱ्या ट्रॅकपासून गेमचे संगीत वाजायचे. ‘आयएसओ’ प्रकारच्या फाइलीत ही गाणी मावत नाहीत. अशा सीडीची प्रत ‘बिन’ आणि ‘क्यू’ या जोडफाइलींत काढा, नाहीतर गेम चालेल पण मुका चालेल. विंडोज आयएसओ फाइल डबल-क्लिकवर उघडते, बिन-क्यू उघडत नाही. त्यासाठी वेगळा व्हर्च्युअल ड्राइव्ह लागतो. डॉसबॉक्स मात्र ही जोडी स्वतःच वाचतो.

प्रत हातात आल्यावर तिच्यातल्या फाइली विंडोज डिफेंडरने तपासा. शंका वाटणारी सेटअप फाइल ‘व्हायरसटोटल’वर चढवून पाहा, तिथे एकाच वेळी डझनावारी अँटिव्हायरस तपासतात. सत्तरपैकी दोघांनी ओरड केली तर ती खोटी हाक असू शकते. वीस-पंचवीस जणांनी एकाच व्हायरसचे नाव घेतले, तर ‘जुन्या गेमला असे होतेच’ असे स्वतःला समजावू नका.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ‘विंडोज सँडबॉक्स’ सुरू करून, आधी वाय-फाय बंद करून, संशयित सेटअप आत चालवून बघा. खिडकी बंद केली की आतले सगळे पुसले जाते. खेळण्यासाठी ही जागा नव्हे, परीक्षेसाठी आहे. होम आवृत्तीत ती सोय नाही.

चौथी पायरी: ओसरी बांधा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. जुने गेम आपले सेव्ह, सेटिंग, गुणतक्ते सगळे स्वतःच्याच फोल्डरात लिहितात आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला विंडोज साध्या प्रोग्रॅमला मनाई करते. मग विंडोज गुपचूप त्या फाइली ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दडलेल्या फोल्डरात वळवते. आपण सेव्ह शोधत बसतो, किंवा गेम लिहिताच आले नाही म्हणून कोलमडतो. लोक यावर उपाय म्हणून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करतात. त्यापेक्षा डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असे फोल्डर करा आणि सगळे तिथे ठेवा. अ‍ॅडमिनची गरज नव्वद टक्के वेळा तिथेच संपते, हा माझा अनुभव.

शक्य असेल तर खेळण्यासाठी विंडोजचे एक साधे, अ‍ॅडमिन नसलेले खाते वेगळे उघडा. बँकेचे पासवर्ड, घरचे फोटो, ऑफिसची कागदपत्रे दुसऱ्या खात्यात राहू द्या.

आणि एकट्याने खेळायच्या गेमला इंटरनेट कशाला हवे? विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये जा, ‘आउटबाउंड रूल्स’ निवडा, ‘न्यू रूल’, मग ‘प्रोग्रॅम’, गेमची फाइल दाखवा आणि ‘ब्लॉक’ म्हणा. दोन मिनिटांचे काम आहे.

पाचवी पायरी: डॉसच्या गेमला डॉसबॉक्स

२००२ साली आलेला डॉसबॉक्स हा संगणकाच्या आत उभा केलेला एक जुना संगणक आहे: त्याचा प्रोसेसर, साउंड कार्ड, पडदा सगळे सोंग. मूळ डॉसबॉक्सची हालचाल मंदावली आहे, म्हणून आज सुरुवात करणाऱ्याने त्याची ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ ही सांभाळली जाणारी शाखा घ्यावी.

गेमचे फोल्डर उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडले की ते आतल्या संगणकाचा सी ड्राइव्ह होते. हाताने करायचे तर आत ‘माउंट’, स्पेस, ‘सी’, स्पेस आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता टाइप करायचा. अट एकच, फक्त गेमचेच फोल्डर जोडा. खरा सी ड्राइव्ह अख्खा जोडला तर आतल्या प्रोग्रॅमला तुमच्या फाइलींवर लिहिता येते. डॉसबॉक्स स्वतःच याबद्दल बजावतो, तरी लोक करतात.

गेम तुफान पळतोय किंवा रांगतोय? त्या काळी अनेक गेमचा वेग प्रोसेसरच्या वेगालाच बांधलेला असे. कंट्रोल आणि एफ-१२ दाबले की आतला संगणक वेगवान होतो, कंट्रोल आणि एफ-११ ने मंदावतो. खिडकीच्या माथ्यावर ‘सायकल्स’चा आकडा दिसतो. ऐंशीच्या दशकातल्या गेमना ३००० च्या आसपास बरे वाटते, ‘डूम’सारख्याला कितीतरी पट जास्त लागते. आकडा जमला की लिहून ठेवा.

आवाज येत नसेल तर गेमच्या फोल्डरातला ‘सेटअप’ डॉसबॉक्सच्या आतून चालवा, साउंड ब्लास्टर निवडा आणि पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्या. त्या काळी हे आकडे जुळवताना अख्खी रविवारची दुपार जायची. आता ते ठरलेले आहेत. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ-१०.

‘पॉइंट अँड क्लिक’ प्रकारच्या साहसी गेमसाठी डॉसबॉक्सपेक्षा स्कमव्हीएम बरा. तो मूळ प्रोग्रॅम चालवतच नाही. गेमची फक्त चित्रे-आवाजाची माहिती घेतो आणि इंजिन स्वतःचे वापरतो, म्हणजे जुन्या फाइलीतल्या व्हायरसला जागे व्हायची संधीच नाही. ‘डूम’चेही तसेच. त्याचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि तेव्हापासून ‘चॉकलेट डूम’, ‘जीझेडडूम’ अशी नवी इंजिने आली. त्यांना मूळ गेमची डेटा फाइल दिली की पुरे. कोणत्याही गेमसाठी असे नवे इंजिन आहे का, हे आधी शोधा. बाकीची खटपट वाचते.

सहावी पायरी: विंडोज ९५-९८ चे हट्टी पाहुणे

सेटअपच सुरू होत नसेल तर तो बहुधा १६-बिट आहे. ‘वाइनव्हीडीएम’ नावाचा छोटा मुक्त प्रोग्रॅम १६-बिट विंडोज सेटअप ६४-बिट विंडोजवर चालवून देतो. सेटअप सुरू होऊन ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणत असेल आणि तुमच्याकडे ४०० जीबी मोकळी असेल, तर गोंधळू नका. जुन्या सेटअपना २ जीबीच्या पुढचे मोजता येत नाही, मोठा आकडा त्यांच्या गणितात उलटून ऋण होतो. डिस्क मॅनेजमेंटमधून दीड जीबीची व्हर्च्युअल डिस्क बनवून त्यावर गेम टाका.

गेम सुरू झाला पण गवत जांभळे आणि पाणी लाल दिसतेय? ‘एज ऑफ एम्पायर्स’वाल्यांना हे दृश्य पाठ असेल. २५६ रंगांची पाटी गेम आणि विंडोज एकमेकांच्या हातून हिसकावतात, त्याचा हा परिणाम. पूर्वी लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोररच बंद करून खेळत. आता ‘सीएनसी-डीड्रॉ’ हे छोटे साधन वापरा. तो मुळात ‘कमांड अँड कॉन्कर’साठी झाला, पण इतर अनेक गेमना लागू पडतो. त्याच्या फाइली गेमच्या फोल्डरात टाकल्या की झाले.

त्रिमितीय गेमसाठी ‘डीजीव्हूडू २’. जुन्या डायरेक्टएक्सच्या आणि थ्रीडीएफएक्स या जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या ‘ग्लाइड’च्या भाषेत बोलणाऱ्या गेमचे म्हणणे तो आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत सांगतो. डायरेक्टएक्सच्या गेमसाठी झिप उघडल्यावर आतल्या एमएस फोल्डरातल्या एक्स-८६ विभागातल्या डीएलएल फाइली (गेम चालताना वापरतो ते प्रोग्रॅमचे तुकडे) गेमशेजारी ठेवा. लॅपटॉप ६४-बिट असला तरी गेम ३२-बिट आहे, म्हणून एक्स-८६ च. हा घोळ मी स्वतः दोन संध्याकाळी घातला आहे.

अशी डीएलएल फाइल गेमचे सगळे अधिकार घेऊन चालते, म्हणून ती मूळ लेखकाच्या जागेवरूनच घ्या. ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असे आले की लोक ती एकच फाइल फुकट देणाऱ्या साइटवर जातात. तिथे जाऊ नका. मायक्रोसॉफ्टचे जून २०१० चे डायरेक्टएक्स रनटाइम आणि व्हिज्युअल सी++ चे रनटाइम त्यांच्याच साइटवरून टाका, ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणाऱ्या फाइलींच्या बहुतेक तक्रारी संपतात. ‘डायरेक्टप्ले’ मागितले तर विंडोजच्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘लेगसी कम्पोनंट्स’खाली ते झोपलेले असते, टिक करा.

कम्पॅटिबिलिटी टॅब मी शेवटी उघडतो. एका वेळी एकच टिक, मग गेम चालवून पाहायचा. सगळ्या एकदम केल्या तर कशाने चालला ते कळत नाही.

यातल्या कशानेच जमले नाही तर ‘८६बॉक्स’ या, जुन्या संगणकाचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अख्खे विंडोज ९८ उभे करता येते, किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी. मजा येते, पण विंडोजची तुमची रीतसर प्रत हवी आणि त्या यंत्राचे नेटवर्क कार्ड बंदच हवे. एक्सपीला मिळणारी सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबली.

सातवी पायरी: सीडी घाला म्हणणारा गेम

सीडी आत आहे, मूळ आहे, तरी गेम ‘सीडी घाला’ म्हणतो. हा बहुधा ‘सेफडिस्क’चा प्रताप. हे कॉपी-प्रोटेक्शन विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसवायचे. त्याच ड्रायव्हरमधून साध्या प्रोग्रॅमला संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकतो, हे २००७ मध्ये उघड झाले. २०१५ साली विंडोज १० ने तो ड्रायव्हर घेतलाच नाही आणि त्याच वर्षी एका सुरक्षा अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद झाला. मायक्रोसॉफ्टने तेव्हा बऱ्याच शिव्या खाल्ल्या. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

हा ड्रायव्हर परत बसवायच्या युक्त्या फिरत असतात. विंडोज ‘टेस्ट मोड’मध्ये टाका, ‘मेमरी इंटेग्रिटी’ बंद करा, असे विंडोजचे पहारे उठवणारे काहीतरी. एका गेमसाठी घराचा पाया उकरू नका. कंपनीने काढलेल्या शेवटच्या पॅचमध्ये सीडीची तपासणी काढली आहे का ते पाहा, नाहीतर प्रोटेक्शन नसलेली आवृत्ती विकत घ्या. ‘नो-सीडी’ फाइली म्हणजे अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्रॅम. त्यातल्या कितीतरी निरुपद्रवी असतील, पण कोणत्या ते ओळखणार कसे?

आठवी पायरी: वेगाला लगाम

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा पडदा आणि जुना गेम यांचे जमत नाही. ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’मधला ‘फ्रेम लिमिटर’ चालूच ठेवा, तो काढला की पोहणे, गाड्या, अपघात यांचे गणित बिघडते. लिमिटर नसलेल्या गेमला डीजीव्हूडूमधून किंवा ‘रिव्हाट्यूनर’मधून ६० किंवा ३० ची मर्यादा घाला.

‘सॅन अँड्रियास’चा एक किस्सा इथे सांगण्यासारखा आहे. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर गेममधले ‘स्किमर’ हे पाण्यावरचे विमान गायब झाले. लोकांनी विंडोजला धारेवर धरले. ‘सायलेंटपॅच’ हा गेमच्या चुका सुधारणारा पॅच बनवणाऱ्याने खोदून पाहिले तर चूक गेममध्येच होती. वाहनांच्या यादीत स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचेच राहिले होते. गेम मेमरीत आधी पडलेले आकडे उचलायचा आणि ते योगायोगाने बरोबर निघायचे. वीस वर्षे योगायोग टिकला, विंडोजने आतली मांडणी जराशी बदलली आणि तो तुटला. अशा गेमसाठी असे दुरुस्ती पॅच मूळ लेखकाकडून घेऊन टाकणे हे अनेकदा सगळ्यात साधे औषध असते.

नववी पायरी: चौघांत खेळताना

खरा धोका इथे आहे. घरच्या वाय-फायवर दोन लॅपटॉप जोडून ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळा, काही बिघडत नाही. अनोळखी सर्व्हरवर जुन्या गेमने जाणे ही वेगळी गोष्ट. सायबर कॅफेत ज्या ‘काउंटर-स्ट्राइक १.६’वर आपण तासाचे पंधरा-वीस रुपये उडवले, त्याचेच उदाहरण घ्या. ‘डॉक्टर वेब’ या अँटिव्हायरस कंपनीने २०१९ मध्ये पाहिले तेव्हा सुमारे ५००० सर्व्हरपैकी १९५१ ‘बेलोनार्ड’ नावाच्या ट्रोजनने (लपून शिरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) उभे केलेले होते. गेममधल्या न बुजवलेल्या छिद्रांतून तो खेळाडूच्या संगणकात शिरायचा. २०२२ च्या जानेवारीत ‘डार्क सोल्स’च्या पीसी आवृत्त्यांचे सर्व्हर कंपनीला अशाच छिद्रापायी बंद करावे लागले, आणि तो काही फार म्हातारा गेम नव्हे.

म्हणून ओळखीच्यांतच खेळा. फायरवॉलने विचारले तर ‘प्रायव्हेट’ला हो आणि ‘पब्लिक’ला नाही म्हणा. राउटरमध्ये पोर्ट उघडायला किंवा ‘डीएमझेड’ लावायला, म्हणजे बाहेरच्यांना तुमच्या संगणकापर्यंत वाट करून द्यायला, सांगणारे सल्ले सोडून द्या.

लिनक्सवाल्यांचे यापेक्षा सोपे आहे. तिथला ‘वाइन’ हा, विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज गेम आणि कित्येक १६-बिट सेटअपही आनंदाने चालवतो. मॅकवाल्यांनी ३२-बिट गेम २०१९ च्या ‘कॅटालिना’बरोबरच गमावले. त्यांनी डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएमवर समाधान मानावे.

शेवटची पायरी: चाललेला गेम जपून ठेवा

गेम एकदा नीट चालला की पूर्ण फोल्डर, डीएलएल आणि सेव्हसकट, झिप करून बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कोणती साधने, कोणत्या आवृत्तीची, कोणते आकडे. सहा महिन्यांनी यातले काहीही आठवत नाही.

डेव्हच्या फोल्डरातली आमची टीप तीन ओळींची आहे. पहिलीत डॉसबॉक्स स्टेजिंग, दुसरीत सायकल्सचा आकडा. तिसरी भाच्याने स्वतः लिहिली आहे: ‘आवाज पीसी स्पीकरचा आहे, हेडफोन लावण्याआधी कमी कर.’